खाली बसणारे सर

नाडकर्णी सर खुर्चीत बसत नसत. सुरुवात इथूनच करतो, कारण माझे गुडघे तिथूनच दुखायला लागले.

आमची खोली घाटकोपरला, असल्फ्याच्या टेकडीवर. खोलीत खुर्ची एकच. मरोळच्या कंपनीतून रिटायर झालो तेव्हा हौसेनं घेतली होती. सर पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी उठून ती पुढे केली. "नको नको, परबकाका, मी इथेच बरा," म्हणत त्यांनी लादीवर बसकण मारली. आता एवढा प्रोफेसर माणूस खाली बसल्यावर मी खुर्चीत कसा बसणार? मीही खाली. बायको ओट्याशी उभी होती, तीही खाली. मधे रिकामी खुर्ची आणि भोवती आम्ही तिघं, जणू कोणी मोठा पाहुणा यायचाय. पुढे सर जेव्हा जेव्हा आले तेव्हा हेच. ते टुणकन उठायचे, मी भिंतीला धरून. सरांनी आमच्या घरात समानता आणली ती माझ्या गुडघ्यांच्या जिवावर.

मी हे लिहितोय ते सरांची आठवण येते म्हणून नाही. विसरता येत नाहीत म्हणून. सर जिवंत आहेत, ठणठणीत आहेत, आणि त्यांना वाचायची फार आवड. वाचू देत.

अंधेरीला काचेची मोठी इमारत आहे, त्यात ते विद्यापीठ. नाव लिहीत नाही, नावाशी माझं भांडण नाही. तिथे समाजाचं भलं कसं करायचं ते शिकवतात. मी सातवी शिकलेला माणूस. भलं करायला परीक्षा द्यावी लागते हे मला तेव्हाच कळलं. पूर्वी त्याला समाजकार्य म्हणत, आता सोशल इम्पॅक्ट म्हणतात. मी सरांना विचारलंच, "इम्पॅक्ट म्हणजे काय हो?" सर कुठल्याही प्रश्नाला हसत नसत, हा त्यांचा एक गुण. डोळे मिटले. मग म्हणाले, "काका, आपण निघून गेल्यावर मागे काय उरतं, तो इम्पॅक्ट." मला आवडलं ते. मी ते ध्यानात ठेवलं. किती ध्यानात ठेवलं ते पुढे येईलच.

त्या कोर्सची पोरं आठवड्यातून दोन दिवस आमच्या टेकडीवर यायची. फील्डवर्क म्हणायची. बालवाडीत शिकवायची, बायकांना दवाखान्यात घेऊन जायची, घरोघर बसून माहिती विचारायची. ज्या संस्थेतर्फे यायची, तिची खोली आमच्या दाराला लागूनच होती. त्यामुळे पाणी प्यायला, डबा खायला, पाठ टेकायला सगळी आमच्याकडे. आम्हाला मूलबाळ नाही. माझ्या बायकोचं, सुनंदाचं, त्या दोन दिवसांवर आठवडाभर लक्ष असायचं. टेकडीवर सगळे तिला काकी म्हणत.

सर खादीचा कुर्ता घालायचे, खांद्याला झोळी. गाडी होती, पण ती खाली शाळेच्या गेटशी लावून पायऱ्या चढत यायचे. गाडी कोणाला दिसू नये म्हणून. मला दिसली, मी बोललो नाही. कोणाच्या घरात शिरले की हातातलं घड्याळ काढून झोळीत टाकायचे. माणूस बोलत असताना घड्याळाकडे बघणं हा अपमान आहे, असं पोरांना शिकवायचे. मग वेळ झाली की बरोबरची एखादी पोरगी खोकायची. आणि परवानगी! "मी आत येऊ शकतो का? मी इथे बसू शकतो का? काकी, मी पाणी पिऊ शकतो का?" एकदा सुनंदा वैतागली. आम्ही मूळचे देवगडकडचे. मला मुंबईनं बदललं, तिची भाषा शेवटपर्यंत गावचीच राहिली. "पाणी पियाक कसली परवानगी मागतास ओ सर? घरात इलास ना? पिया मुकाट!" सर खूश. पोरांकडे वळून म्हणाले, "बघा. आपण इथे शिकायला आलोय, शिकवायला नाही." हे त्यांचं पेटंट वाक्य. दुसरं पेटंट वाक्य होतं, "गुंतायचं, पण अडकायचं नाही."

कोणी दुःखाचं सांगायला लागलं की ते डोळे मिटून मान हलवायचे. "हं… हं…" पहिल्यांदा सुनंदाला वाटलं झोपलेच. तिनं माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "चादर देव काय?" पण झोपलेले नसायचे. सगळं डोक्यात जात असायचं. या माणसाची स्मरणशक्ती राक्षसाची. टेकडीवरच्या पोराटोरांची नावं पाठ. कोणाच्या सासूला कुठल्या पायाला लागलं, कोणाची पोरगी कितवीत, कोणाच्या घरी मांजर व्यायली, सगळं. वर्षभरानं भेटले तरी मागच्या बोलण्याचा धागा पकडून सुरू. मी म्हणायचो, हा माणूस निवडणुकीला उभा राहिला तर आपले सगळे नगरसेवक घरी बसतील.

आणि खोटं कशाला बोलू, माणूस कामाचा होता. एका पावसाळ्यात आमच्या मागच्या गल्लीत दरड घसरली. जीव कोणाचा गेला नाही, पण गल्ली चिखलानं बुजली. सर दुपारपर्यंत पोरांना घेऊन हजर. कुर्ता गुडघ्यावर खोचून घमेली उचलत होते. एका पोरानं फोटो काढायला मोबाईल बाहेर काढला. सरांनी तो मोबाईल घेऊन स्वतःच्या झोळीत टाकला आणि त्याच्या हातात फावडं दिलं. "आज हे धर." दिवसभर राबले. चहासुद्धा सगळ्यांच्या शेवटी घेतला. सर हरामखोर असते ना, तर माझं काम सोपं होतं. हरामखोराला शिव्या घालून माणूस मोकळा होतो. हा माणूस तत्त्वाचा होता, म्हणून मला एवढी पानं लिहावी लागतायत.

आता केतकी.

एका वर्षीच्या पोरांत ही मुलुंडहून यायची. आडनाव माहीत नाही. सरांचा नियमच होता, पोरांनी वस्तीत आडनाव सांगायचं नाही. आडनाव कळलं की जात कळते आणि लोक बदलतात, असं सर म्हणायचे. पटलं होतं मला. घरचा फोन नंबरही द्यायचा नाही, काही काम असेल तर संस्थेच्या खोलीत निरोप ठेवायचा. तेही पटलं होतं. तरण्याताठ्या पोरी, बरोबर आहे.

पहिल्याच दिवशी केतकी टेकडी चढून आली ती आमच्या दारातल्या मोरीत ओकली. गटाराचा वास सहन झाला नाही. रडकुंडीला आलेली. सुनंदानं तिला लिंबाचं सरबत दिलं, पाठीवरून हात फिरवला. "खयची गो तू?" "मुलुंडची." "मगे, मुलुंडात गटारा नाय?" पोरगी रडता रडता हसली. झालं तेवढंच. त्या दिवसापासून ती आमची झाली.

घर तिचं शुद्ध शाकाहारी. एकदा आम्ही जेवत होतो. ताटात जवळा होता, सुकी बारीक कोलंबी, कांदा-कोकम घालून परतलेली. पोरगी बघत बसली. "काकी, हे काय आहे?" "तुझ्या कामाचा नाय ता." "थोडं देता?" थोडं म्हणता म्हणता तिनं माझ्या वाटणीचं संपवलं. "घरी सांगू नका हं काकी. आई घरात घेणार नाही." "मी कित्याक सांगतंय? तुझी आवस माका खय भेटतली?" मग दर वेळी जवळा. जेवून झालं की तोंडात बडीशेपेचा बकाणा भरायची आणि सुनंदापुढे आ करायची, "काकी, वास येतोय का बघा ना!" मी म्हणायचो, "तोंडाचा जाईल गं, ओढणीचं काय करशील?" की लागली धावत नळावर.

तिच्याआधी टेकडीवर बरीच पोरं-पोरी येऊन गेली, पुढेही आली. पण दुपारी सुनंदाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपणारी ती एकच. सर अचानक आले तर धडपडून उठायची. एकदा नाही उठता आलं. सर दारात उभे. रागावले नाहीत, ते कधी रागावत नसत. फक्त म्हणाले, "केतकी, गुंतायचं, पण…" पोरगी खाली मान घालून म्हणाली, "अडकायचं नाही." सुनंदाला ते कळलं नाही. मला म्हणाली, "सरांनी ह्या काय पाठ करून घेतल्यानी?"

वर्ष संपत आलं. त्यांच्या कोर्समधे निघायचंसुद्धा शिकवतात. वस्तीतून निघताना कसं निघायचं, लोकांची मनं कशी तयार करायची, त्याचा धडा असतो. त्याला टर्मिनेशन म्हणतात. हा शब्द मला ओळखीचा होता. मरोळच्या कंपनीत तो ज्याच्या नावानं यायचा, त्याच्या घरी त्या रात्री कोणी धड जेवायचं नाही. मी सरांना तसं सांगितलं. ते गंभीर झाले. म्हणाले, "खरंय काका. शब्द बदलायला हवा." शब्दच.

शेवटच्या दिवशी संस्थेच्या खोलीत निरोपाचा कार्यक्रम. गाणी झाली, प्रत्येक घराला तुळशीचं रोप दिलं. मग सुनंदानं पोरींना आमच्या घरी बोलावलं. पाटावर बसवून एकेकीची ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, वर खण. शेजारच्या साटमवहिनी दारातून म्हणाल्या, "कुमारिकांची ओटी भरतात होय गं सुनंदा? नवीनच काढलंस!" सुनंदा म्हणाली, "लग्नात माका कोण बोलावतला? म्हणान आताच भरतंय. आणि माहेरसून जाताना चेडवाक रिकामा धाडतत काय?" केतकीला हिरवा खण होता, नारायणपेठी काठाचा, सुनंदाच्या आईनं सुनंदाला दिलेला. तिनं तो कधी शिवला नव्हता. पोरगी ओढणीत ओटी घेऊन पायऱ्या उतरली ती वळून वळून बघत.

दुसऱ्या दिवशी सर आले. हातात कापडी पिशवी. मागे पोरी, माना खाली. सर नेहमीसारखे आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर थांबले.

"काकी, रागावू नका. आमच्या कोर्सचा एक नियम आहे. ज्या वस्तीत काम करतो, तिच्याकडून आपण काही घेत नाही. वस्तू छोटी असो, मोठी असो. तुमच्या भावना मुलींना पोचल्यात."

पिशवीत सगळ्या ओट्या. तांदूळसुद्धा वेगवेगळ्या पुड्यांत. सांडलवंड काही नाही. अगदी व्यवस्थित.

सुनंदा उभीच राहिली. तिला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, "भरलेली ओटी परत नाय घेवची ओ, सर."

"मला कल्पना आहे काकी, तुमच्यात याचं महत्त्व असतं. म्हणूनच नुसत्या मुलींबरोबर पाठवली नाही. मी स्वतः आलो."

हा मान द्यायला आले होते! भरलेली ओटी दारात आणून दिली आणि वर मान दिला! टेकडीवर कोणी दुश्मनाची ओटीसुद्धा परत करत नाही. ज्या बाईची कूस उजवली नाही, तिनं पोटच्या पोरीसारखी भरलेली ओटी. तिच्या उंबऱ्यावर. गल्लीतल्या सगळ्या बायका बघत होत्या. साटमवहिनींनी तर दारच लावून घेतलं, त्यांनाही बघवेना. केतकी मागे उभी राहून रडत होती. सुनंदानं तिच्याकडे बघितलं, पोरीनं मान वर केली नाही.

मी बोलणार होतो. सुनंदानं माझा हात धरला. पिशवी घेतली, आत नेऊन देवाच्या फळीखाली ठेवली आणि सरांना विचारलं, "च्या घेतल्याशात?"

"घेऊ शकतो?" सर म्हणाले. चहा चालतो त्यांच्या नियमात.

परत आलेल्या ओटीचं काय करायचं हे सुनंदाला कोणी शिकवलं नव्हतं. कोणावर ही वेळच येत नाही. नारळ फोडवेना, तांदूळ शिजवेना. गणपतीत विसर्जनाला माझ्याकडून सगळं पाण्यात सोडवलं. एक हिरव्या खणातला नारळ तेवढा ठेवला. मी रागानं सरांचं नाव काढलं की मलाच दटावायची, "सरांक वायट बोलू नकात. तेंका काय ठावक. तेंच्यात नाय करनत." तिनं माफ केलं. तो तिचा स्वभाव. मी तिचा नवरा, मी केलं नाही. करणारही नाही.

मग दोन वर्षांनी तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तिला सांगायची गरज पडली नाही. अंथरुणाला लागल्यावर तिनं माझ्याकडे काही मागितलं नाही. गावाला न्या नाही, देवाला न्या नाही. एकच. "केतकीक एकदा बोलवा. तिका जवळो करून घालूचो आसा." ताकद नव्हती कढई उचलायची. तरी रोज तेच. दारात पाऊल वाजलं की मान वळवायची, "केतकी इला?" साटमवहिनी असायच्या.

मुलुंडात केतकी नावाची पोरगी कशी शोधायची? आडनाव नाही, नंबर नाही. संस्थेची खोली केव्हाच बंद पडली होती. मी अंधेरीला गेलो, त्या काचेच्या इमारतीत. खाली वॉचमननं अडवलं. सरांना फोन गेला तर ते स्वतः लिफ्टनं खाली आले, माझा हात धरून वर नेलं. केबिनमधे भिंतीवर आमच्या टेकडीचा हा एवढा फोटो, त्यात आमच्या दारात सुनंदा बसलेली. गुबगुबीत सोफा होता. सर त्याच्यावर बसले नाहीत, खाली गालिच्यावर बसले. मी त्या दिवशी पहिल्यांदा खाली बसलो नाही. उभाच राहिलो.

"सर, केतकीचा नंबर द्या."

सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. हं, हं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, खरं पाणी. मग म्हणाले, "काका, माझी अडचण समजून घ्या. विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती मी वस्तीत देऊ शकत नाही. आणि काम संपल्यावर पुन्हा संबंध जोडणं दोन्ही बाजूंना त्रासाचं असतं. यालाच आम्ही बाउंडरी म्हणतो."

"नंबर नका देऊ. तुम्ही फोन करा. काकी मरायला टेकलीय एवढंच सांगा. यायचं तर येईल, नाहीतर नाही."

"तेसुद्धा एक प्रकारचं दडपणच ना, काका? मी एकट्यानं असा निर्णय घेणं बरोबर नाही. आमची एक कमिटी आहे, नैतिक प्रश्नांसाठी. मी तिच्यापुढे ठेवतो. लवकरात लवकर."

"कधी बसते कमिटी?"

"मी प्रयत्न करतो."

मी परत आलो. सुनंदा म्हणाली, "गावली?" मी म्हटलं, "सर कळवतायत." रोज विचारायची, रोज तेच उत्तर. एका सकाळी तिनं विचारलं नाही. कमिटी बसलीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी सर आले. पांढरा कुर्ता, अनवाणी टेकडी चढून. लादीवर बसले, डोळे मिटले, रडले. मी चहा विचारला नाही. ते म्हणाले, "काका, काकी आमच्या विद्यापीठाच्या खऱ्या शिक्षिका होत्या. त्यांच्या नावानं दरवर्षी उत्तम फील्डवर्क करणाऱ्या विद्यार्थ्याला पुरस्कार द्यायचं ठरतंय. तुमची परवानगी असेल तर." मी लगेच हो म्हटलं. त्यांना वाटलं, म्हातारा हळवा झाला. मी त्यांचा हात हातात घेऊन विचारलं, "मला स्टेजवर बोलावणार ना?"

"म्हणजे काय, काका! तुमच्याच हस्ते."

त्या दिवसापासून मला झोप लागायला लागली.

कार्यक्रमाच्या दिवशी साटमवहिनींनी माझा शर्ट इस्त्री करून आणला. मी पिशवीत हिरव्या खणासकट तो नारळ घातला. वाळून पार गोटा झाला होता, हलवला की आत खडखड वाजायचा.

हॉलच्या बाहेर सुनंदाचा मोठा फोटो, वर 'स्मृती' असं लिहिलेलं. फोटोसमोर एक पोरगी उभी होती. चश्मा लागलाय आता तिला. मी नाव घेतलं तशी वळली आणि माझ्या गळ्यात पडून ओरडून रडली. आता नाशिककडे कुठल्या संस्थेत असते. कार्यक्रमाची जाहिरात मोबाईलवर बघितली, तेव्हा तिला कळलं काकी गेली.

मला कीव आली नाही. मी विचारलं, "पाय मोडले होते का गं तुझे? घर माहीत नव्हतं?"

"काका, ओटी परत केल्यावर कुठल्या तोंडानं येऊ? मी सरांना किती वेळा म्हटलं, मला काकींची माफी मागायची आहे, एकदा जाऊन येऊ का? ते म्हणाले, त्यांची सवय मोडू दे, तुझीही मोडू दे. परवा परवापर्यंत विचारत होते मी. काकी आजारी आहे एवढंसुद्धा बोलले नाहीत."

म्हणजे इकडून मी विचारत होतो, तिकडून ती विचारत होती. मधे हा माणूस बसला होता. खाली. डोळे मिटून. हं, हं.

मी तिचे डोळे पुसले. म्हटलं, "पुढे बस. मी बोलवलं की स्टेजवर ये."

कार्यक्रम झकास चालला होता. बक्षीस मिळालेल्या पोराला मी ट्रॉफी दिली. मग सरांनी माईकवर सांगितलं, आता आपण परबकाकांचा सत्कार करू या. एका ताटात शाल आणि श्रीफळ आलं. सरांनी शाल उलगडली तसा मी हात आडवा केला. श्रीफळ पुढे केलं, मी ते घेतलं आणि तसंच त्यांच्या हातात परत ठेवलं. शालसुद्धा त्यांच्याच दंडावर टाकली. माईक जवळ होताच.

"सर, रागावू नका. आमच्या घरचा एक नियम आहे. विद्यापीठाकडून आम्ही काही घेत नाही. वस्तू छोटी असो, मोठी असो. तुमच्या भावना पोचल्या."

हॉलमधे टाळ्यांचा कडकडाट. पोरांना वाटलं, केवढा निःस्वार्थी म्हातारा! सगळे टाळ्या वाजवत होते आणि सर एकटे पांढरे पडत चालले होते. त्यांची स्मरणशक्ती मी सांगितलीच आहे.

टाळ्या थांबल्यावर मी पिशवीतून खणात बांधलेला नारळ काढला. माईकसमोर धरून हलवला. खडखड हॉलभर ऐकू गेली.

सर हळू आवाजात म्हणाले, "केतकीची ओटी." खण ओळखला त्यांनी. काही विसरत नाही हा माणूस.

मी पोरांना म्हटलं, "सर तुम्हाला शिकवतात, आपण निघून गेल्यावर मागे काय उरतं तो इम्पॅक्ट. आमच्या घरी हे उरलं." मग सांगितलं सगळं. ओटी कशी भरली, कशी परत आली, नंबर कोणी मागितला, कमिटी कधी बसली नाही. एक शब्द वाढवला नाही, एक शिवी दिली नाही. शिव्या मी घरून पाठ करून नेल्या होत्या, लागल्याच नाहीत. पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं तोंडावर हात धरला होता. ज्याला ट्रॉफी दिली त्यानं ती हळूच खुर्चीखाली ठेवली.

"केतकी, वर ये गं."

ती आली. तिला कोणी सांगावं लागलं नाही. तिनं दोन्ही हातांनी ओढणी पसरली. सुनंदाला जमायची तशी ओटी मी काय भरणार, पुरुष माणूस मी, नि बायको गेलेला. पण तो नारळ तिच्या ओढणीत घातला. सुका खडखडीत नारळ, खणासकट. तिनं ओढणीची गाठ मारली. सर बघत होते. या वेळी कोणी नियम सांगितला नाही.

मी म्हटलं, "चल, घरी जवळा आहे. करायला काकी नाही, मला जमेल तसा करीन."

बरं वाटलं का? वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. फक्त घरी जाऊन हे जिला सांगायचं ती नव्हती. आणि असती तर मलाच रागावली असती.

दाराशी पोचल्यावर मी एकदा वळून बघितलं. हॉलमधे कोणी हलत नव्हतं. सर स्टेजच्या मधोमध. एका दंडावर शाल लोंबतेय, दोन्ही हातांत श्रीफळ. ते खाली ठेवता येईना, कोणाला देता येईना. मागे त्यांच्यासाठी खुर्ची होती, समोर लादी होती. आयुष्यभर जिथे जाईल तिथे खाली बसलेला माणूस, त्या दिवशी उभाच राहिला.